कळण्याच्या भाकरीतील विज्ञान



वार्षिक समारंभात पाहुण्याने परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी बोलावे अशी सर्वांची अपेक्षा असते. मी मात्र आज तुमच्या स्वयंपाकघरात शिरणार आहे. त्याचे कारण सांगतो. ज्या मुलाने सकाळी नुसता चहा आणि दोन टोस्ट खाऊन शाळा गाठली आहे, ज्या मुलीच्या अंगात रक्त कमी आहे आणि जिला तिसऱ्या तासाला जांभया येऊ लागतात, तिच्यापुढे कितीही चांगला शिक्षक उभा केला तरी त्याची निम्मी मेहनत वाया जाते. शिक्षणाची सुरुवात फळ्यापासून होते असे आपण मानतो. पण तिच्या आधी एक पायरी आहे, आणि ती चुलीपाशी आहे.

पालक भेटले म्हणजे एक प्रश्न हमखास विचारतात. "पोरगा अशक्त आहे, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्याला कोणता प्रोटीनचा डबा आणू?" प्रश्न प्रेमापोटी विचारलेला असतो. हातावर पोट असलेला बापसुद्धा चार दिवसांची मजुरी त्या डब्यावर खर्च करायला तयार असतो. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये असे मला वाटते. ते उत्तर आपण सर्वांनी मिळून शोधू या. त्यासाठी प्रथम प्रोटीन, म्हणजेच मराठीत ज्यांना आपण प्रथिने म्हणतो, ती काय चीज आहे हे समजून घ्यावे लागेल.

प्रथिने म्हणजे काय?

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे हे विद्यार्थी मित्रांनी पुस्तकात वाचलेच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात तीस लाख कोटींच्या आसपास पेशी असतात. यातील प्रत्येक पेशी म्हणजे एक छोटासा कारखाना होय. कारखान्याला भिंती लागतात, यंत्रे लागतात, माल वाहून नेणारे हमाल लागतात आणि दारावर राखणदारही लागतो. पेशीमध्ये यांपैकी बहुतेक कामे प्रथिने करतात. अन्न पचविणारी पाचकरसांतील विकरे ही प्रथिनेच आहेत. श्वासातून आलेला प्राणवायू शरीरभर पोचविणारे रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे, रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्शुलिन, स्नायू, केस, नखे, हाडांना व कातडीला घट्ट धरून ठेवणारे कोलॅजन, ही सारी प्रथिने होत. १८३८ साली मुल्डर या डच शास्त्रज्ञाने या पदार्थांना जे नाव छापील स्वरूपात दिले, ते ग्रीक भाषेतील 'पहिल्या क्रमांकाचे' अशा अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे. आपल्या 'प्रथिन' या शब्दातही 'प्रथम' आहेच.

ही प्रथिने कशाची बनतात? तसबीहच्या दोऱ्यात जसे मणी ओवलेले असतात, तशी प्रथिनात अमिनो आम्ले एकापुढे एक जोडलेली असतात. मण्यांचे प्रकार मात्र अवघे वीस आहेत. वीस प्रकारच्या मण्यांपासून शरीर हजारो प्रकारच्या माळा बनविते. एखादी माळ लहान, एखादी फार लांब. इन्शुलिनमध्ये ५१ मणी आहेत. त्यांचा क्रम सँगर या इंग्रज शास्त्रज्ञाने कित्येक वर्षे खपून उलगडला आणि त्याबद्दल त्यांना १९५८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हिमोग्लोबिनमध्ये चार माळा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांत मिळून ५७४ मणी असतात.

मण्यांचा क्रम किती महत्त्वाचा आहे, याचे उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक आदिवासी वस्त्यांमध्ये सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. हिमोग्लोबिनच्या १४६ मण्यांच्या एका माळेत सहाव्या जागी एक मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. पण तेवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि त्या मुलाला असह्य वेदना होतात. हा आजार आईवडिलांकडून येतो. आहारातील चुकीमुळे तो होत नाही आणि आहाराने बराही होत नाही. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून ज्या घराण्यांत तो आहे त्यांनी लग्नाआधी रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. २०२३ साली या आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

माळ कोण ओवते?

मण्यांचा क्रम कोण ठरविते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारलाच पाहिजे. तो क्रम पेशीच्या केंद्रात, डीएनएमध्ये लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाचा एक मणी, अशी ती लिपी आहे. ही लिपी वाचण्याच्या कामात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या हरगोबिंद खुराना यांना १९६८ साली इतर दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. खुराना कोठून आले हे लक्षात ठेवा. तेव्हाच्या पंजाबातील, आज पाकिस्तानात असलेल्या, शंभरेक वस्तीच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील पटवारी होते. घरची गरिबी होती, परंतु त्या साऱ्या खेड्यात लिहिता-वाचता येणारे असे जवळजवळ एकच कुटुंब होते आणि ते यांचे. बापाने मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही.

लिपी वाचून प्रत्यक्ष माळ ओवण्याचे काम पेशीतील रायबोसोम नावाचे सूक्ष्म यंत्र करते. त्याची रचना उलगडणाऱ्यांपैकी वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली नोबेल मिळाले. तेही आपल्याच देशात, बडोद्यात, लहानाचे मोठे झाले.

आता मुद्द्याची गोष्ट अशी की, यंत्र कितीही उत्तम असले तरी मणी हातात नसतील तर माळ ओवता येत नाही. वीस अमिनो आम्लांपैकी अकरा शरीर स्वतः तयार करू शकते. उरलेली नऊ मोठ्या माणसाचे शरीरही बनवू शकत नाही. ती जेवणातूनच यावी लागतात. म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्ले असे म्हणतात. त्यांपैकी दोनच नावे आज तुम्ही घरी घेऊन जा : एक लायसिन आणि दुसरे मेथिओनिन.

शरीरात चरबी साठते, तसा प्रथिनांचा साठा करून ठेवता येत नाही. दररोज आपल्या शरीरात पाव किलोहून अधिक प्रथिने मोडली जातात आणि पुन्हा बांधली जातात. आतड्याचे अस्तर काही दिवसांत बदलते, तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. मोडलेल्या माळांचे बरेचसे मणी शरीर पुन्हा वापरते. जे वाया जातात तेवढे रोज भरून काढावे लागतात. म्हणून ईदच्या दिवशी पोटभर गोश्त खाल्ले आणि पुढचे पंधरा दिवस चहा-पावावर काढले, हा हिशेब शरीराला मानवत नाही.

बैलगाडीचा हिशेब

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर रोज भाकरी खातो. त्यात प्रथिने नाहीत काय? आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. गव्हात त्याहून किंचित अधिक, तांदळात काहीशी कमी. पण ज्वारीच्या प्रथिनात लायसिन फार कमी असते, गरजेच्या निम्म्याच्या आसपास. याचा परिणाम काय होतो ते एका उदाहरणाने सांगतो.

समजा एखाद्या सुताराकडे दहा बैलगाड्यांच्या साट्या तयार आहेत, दहा जोखडे आहेत, आस आहेत. पण चाके फक्त दहाच आहेत. गाड्या किती बनतील? पाचच. बाकीचे सामान अंगणात पडून राहील. शरीराचेही तसेच आहे. एक आवश्यक अमिनो आम्ल कमी पडले की त्या मापानेच प्रथिने बांधली जातात; उरलेली अमिनो आम्ले साठवून न ठेवता शरीर जाळून टाकते. ज्वारीच्या बाबतीत लायसिन हे कमी पडणारे चाक होय.

उलट उडीद, मूग, तूर, हरभरा, मटकी या कडधान्यांत लायसिन भरपूर असते. शंभर ग्रॅम उडदात प्रथिनेही २३-२४ ग्रॅम, म्हणजे ज्वारीच्या दुपटीहून अधिक. आपल्या काळ्या जमिनीत कपाशीच्या जोडीने तूर आणि मूग घेणाऱ्या शेतकऱ्याला याचे कारण लवकर कळेल. या पिकांच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेतील नत्र पकडून पिकाला देतात, आणि नत्र हाच अमिनो आम्लांचा पाया आहे. मात्र कडधान्यातही एक उणीव आहे. त्यात मेथिओनिन कमी असते. ते ज्वारी-बाजरीत पुरेसे असते.

एकाकडे चाके कमी, दुसऱ्याकडे जोखडे कमी. दोघांचे सामान एका अंगणात आणले तर काय होईल, ते सांगायला नको.

आणि आता पाहा, आपल्या खानदेशातील बायकांनी हे सामान एका अंगणात कधीच आणून ठेवले आहे. त्याचे नाव कळणा. ज्वारीत किंवा बाजरीत अख्खे काळे उडीद मिसळायचे, थोडे मीठ, कुठे थोडी मेथी, आणि सगळे एकत्र दळून आणायचे. प्रमाण घरोघरी वेगळे असते. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद धरला तर शंभर ग्रॅम पिठातील प्रथिने दहावरून साडेबाराच्या आसपास जातात, आणि एका भाकरीतील लायसिन दुपटीच्या घरात जाते. वांग्याच्या भरताबरोबर किंवा ठेच्याबरोबर ही भाकरी आपण चवीने खातो. लायसिन हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही त्या दादी-नानींनी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने हे मिश्रण सांभाळले.

आपल्या घरांतील आणखी एक पदार्थ सांगतो. मोहरममध्ये अनेक घरांत मोठ्या डेगीत खिचडा शिजतो. गहू, निरनिराळ्या डाळी आणि गोश्त एकत्र घोटलेले. त्यात धान्य, डाळ आणि मांस तिन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात. साधी मूगडाळीची खिचडी, इडली, वरणभात, डाळ-बट्टी, सगळ्यांचे सूत्र तेच. दोन्ही पदार्थ एकाच घासात आले पाहिजेत असेही नाही. एकाच दिवसाच्या जेवणात आले तरी शरीर त्यांची सांगड घालते.

दुर्दैवाने आज कळण्याची भाकरी पुष्कळ घरांतून मागे पडू लागली आहे. गरिबाचे खाणे म्हणून तिला नाके मुरडतात आणि त्याच पैशांत मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा देतात. बिस्किटात मैदा, साखर आणि तेल. आपण चांगली वस्तू देऊन हलकी वस्तू विकत घेत आहोत.

गोश्ताविषयी दोन शब्द

आमच्या समाजात एक समजूत आहे की, आम्ही गोश्त खाणारे, आम्हाला प्रथिनांची काय कमी? गोश्त, अंडी, मासे, दूध यांतील प्रथिने उत्तम प्रतीची आहेत यात शंकाच नाही. त्यांत नऊही आवश्यक अमिनो आम्ले योग्य प्रमाणात असतात. पण प्रत्यक्षात आपल्या घरात काय घडते ते प्रामाणिकपणे पाहू. आठवड्यातून एकदा गोश्त येते. घरात माणसे सात-आठ. बोट्या आधी अब्बांच्या आणि मोठ्या मुलांच्या ताटात, लहानांना रस्सा, आणि शेवटी दस्तरखानावर बसणाऱ्या अम्मीला खरवडलेला तळ. रश्श्यात चव असते, मीठ-मसाला असतो. प्रथिने मुख्यतः बोटीत असतात.

पायाचा शोरबा ताकद देतो असे आपण मानतो. शोरबा थंड झाल्यावर जेलीसारखा थिजतो, ते जिलेटिन असते. जिलेटिन हेही प्रथिनच, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल अजिबात नसते. शोरबा जरूर प्यावा, परंतु आजारी माणसाला केवळ शोरब्यावर ठेवू नये. सोबत डाळ, भाकरी, अंडे असावे.

हीच गोष्ट वरणाच्या पाण्याची. सहा महिन्यांपुढच्या बाळाला वरणावरची निवळ पाजणाऱ्या माता मी पुष्कळ पाहिल्या आहेत. निवळीत पाणी जास्त, डाळ तळाशी. बाळाला घट्ट घोटलेली खिचडी, वर चमचाभर तेल किंवा तूप द्यावे, आणि अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

१९३० नंतरच्या काळात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई काम करीत होत्या. पाय सुजलेली, केस विटलेली, कोणाकडे न पाहणारी मुले त्यांच्याकडे येत. तेथील लोक या आजाराला क्वाशिओरकोर म्हणत. दुसरे मूल आल्यावर पहिल्याचे दूध तुटते आणि त्याला जो आजार होतो तो, असा त्या नावाचा अर्थ आहे. दूध तुटून निव्वळ मक्याच्या पेजेवर आलेले ते मूल होते. पाठोपाठची बाळंतपणे जेथे होतात तेथे हा धोका आपल्याकडेही आहे. बाईंनी १९३३ साली याविषयी लिहिले तेव्हा जगाचे याकडे लक्ष गेले. आज डॉक्टर सांगतात की या आजाराची कारणे केवळ प्रथिनांच्या तुटीपुरती नसून अपुरे अन्न आणि वारंवारचे जंतुसंसर्ग यांतही आहेत.

आधी पोट, मग डबा

येथे एका मराठी माणसाचे नाव घेणे माझे कर्तव्य आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. संख्याशास्त्रात त्यांनी जागतिक कीर्ती मिळविली आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे ते अनेक वर्षे संचालक होते. एके काळी साऱ्या जगात असा गाजावाजा झाला की, गरीब देशांत प्रथिनांची भयंकर तूट आहे आणि ती भरून काढायला खास प्रथिनांचे पदार्थ कारखान्यांत बनविले पाहिजेत. सुखात्मे यांनी आकडे मांडून दाखविले की, आपल्याकडील गरिबाला मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, आणि तेथेच गोम आहे.

याचे कारण समजायला सोपे आहे. शरीराला चालायला, श्वास घ्यायला, हृदय धडधडत ठेवायला जळण लागते. भाकरी, भात, तेल यांतून ते मिळते. ते पुरेसे मिळाले नाही तर शरीर प्रथिनेच जाळू लागते. घर बांधायला आणलेले सागाचे वासे चुलीत घालण्यासारखे आहे हे. अर्धपोटी मुलाला महागडा डबा पाजला तर त्यातील प्रथिने चुलीत जातात. म्हणून आधी पोटभर जेवण, आणि त्या जेवणातच धान्याला डाळीची जोड.

आपल्या रावेर-यावलच्या केळीचेही असेच. केळे स्वस्त आणि पौष्टिक आहे, जळण म्हणून उत्तम. पण एका केळ्यात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास. केळ्याबरोबर मूठभर शेंगदाणे दिले की काम झाले.

किती लागतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेत. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत त्यात २२ ग्रॅमची भर हवी. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला सुमारे ४५ ग्रॅम, आणि मुलीला ४३.

हे शेवटचे दोन आकडे पालकांनी पुन्हा एकदा ऐकावेत. मुलाला ४५, मुलीला ४३. शास्त्राने दोघांत दोनच ग्रॅमचा फरक ठेवला आहे. आपण ताटात केवढा फरक ठेवतो? देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. हिमोग्लोबिनला लोह लागते तसे प्रथिनही लागते, आणि पुढे हीच मुलगी आई होणार आहे. तिच्या ताटातील अंडे भावाच्या ताटात गेले, तर ते एका पिढीचे नुकसान नसते.

तेरा वर्षांच्या मुलीचा एक दिवस पाहू. कळण्याच्या तीन भाकरी, सुमारे २२ ग्रॅम प्रथिने. वाटीभर घट्ट डाळ, ७. वीस ग्रॅम शेंगदाणे, किंवा त्यांची चटणी, ५. पेलाभर दूध किंवा दही, ६. एक अंडे, ६. बेरीज ४६. डबा कुठेच लागला नाही. अंडे खात नसाल तर उसळ वाढवा. व्यायाम न करता प्रथिनांचे चूर्ण खाल्ल्याने दंड फुगत नाहीत, हे तरुण मित्रांनीही लक्षात ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

शाळेतील पोषण आहाराचा हिशेबही याच सूत्रावर आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्याला २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅमला ३०. ती खिचडी खायला मुलांना लाज वाटू देऊ नका. गरोदर बायका आणि सहा वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे. तो आपला हक्क आहे, तो घेण्यात कमीपणा नाही. रमजानमध्ये सेहरीला नुसत्या चहा-पावाऐवजी डाळ-भाकरी, दही किंवा अंडे असावे; इफ्तारला हरभऱ्याची उसळ आपल्याकडे असतेच, भज्यांच्या आधी तिच्यावर हात पडावा.

एक मुलगी आणि कडधान्ये

शेवटी एक हकीकत सांगून थांबतो. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झालेली कमला भागवत नावाची मुलगी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी गेली. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक मिळविलेले सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून तिला प्रवेश नाकारण्यात आला. ती परत फिरली नाही, तेथेच ठाण मांडून बसली. अखेर अटी घालून, पहिले वर्ष परीक्षेचे समजून, तिला घेण्यात आले. तिचे काम पाहिल्यावर तेथे इतर मुलींनाही दार उघडले. आणि तिने काम कशावर केले? दुधातील आणि कडधान्यांतील प्रथिनांवर. पुढे १९३९ साली तिने केंब्रिजची पीएच.डी. मिळविली. विज्ञानात ही पदवी मिळविणारी ती पहिली भारतीय महिला समजली जाते. याच त्या डॉ. कमला सोहोनी. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह कडधान्यांतील त्या घटकांचाही अभ्यास केला, जे कच्च्या स्थितीत प्रथिनांचे पचन अडवितात आणि नीट शिजविल्याने बरेचसे नष्ट होतात. डाळ मऊ शिजवावी, कडधान्य भिजवून मोड आणावेत, या आपल्या घरच्या रीतीमागे असा अर्थ आहे. पुढे त्या त्याच संस्थेच्या संचालक झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजात इल्म मिळविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य मानले गेले आहे. समोर बसलेल्या मुलींपैकी कोणाच्या मनात उद्या असाच प्रश्न उठेल, आणि तिला बोदवडच्या स्टेशनवरून भुसावळ, जळगाव, मुंबईपर्यंत जावेसे वाटेल. तिला जाऊ द्या.

आता पालकांच्या प्रश्नाचे उत्तर. डबा आणू नका. त्या पैशांतून ज्वारी आणा, उडीद आणा, शेंगदाणे आणा, जमेल तशी अंडी आणा. ज्वारी-उडदाचे पीठ एकत्र दळून घ्या. डाळ पातळ करून सर्वांना पुरविण्यापेक्षा मूठभर जास्त टाका. जेवायला सगळे एकदम बसा, म्हणजे शेवटी बसणाऱ्याला तळ खरवडावा लागणार नाही. आणि मुलगा-मुलगी यांच्या ताटांत एकच माप ठेवा. एवढे करूनही मूल वाळत असेल, अंगावर सूज असेल किंवा सतत थकवा असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता सरकारी दवाखान्यात दाखवा.